चार हजार दिरहम, उरतात किती?

१८,०००, ९६,००० आणि ३१,२००. तिन्ही आकडे रुपयांतले, तिन्ही दरमहाचे आणि तिन्ही इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाचे. पहिला आकडा महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाच्या मानधनाचा. दुसरा दुबई-शारजाकडे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेत मिळणाऱ्या ४,००० दिरहम पगाराचा. तिसरा, त्याच ४,००० दिरहमांतून घरभाडं, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च स्वतः केल्यावर महिनाअखेर मागे राहणाऱ्या रकमेचा.

होटगी रोड आणि विजापूर रोड यांच्या मध्ये पसरलेल्या आमच्या जुळे सोलापुरात दुसरा आकडा सगळ्यांना तोंडपाठ असतो. लग्नाच्या पंगतीत, क्लासच्या पायऱ्यांवर, आसरा चौकात चहा पिताना तोच ऐकू येतो : अमक्यांची सून दुबईला शिकवते, लाखभर घेते. तिसरा आकडा कुणी सांगत नाही, आणि घर सोडायचं की नाही हे ठरवायला लागतो तो तिसराच. ओळखीतल्या बी.एड. झालेल्या मुली ऑफर लेटर घेऊन येतात तेव्हा आम्ही वही उघडून हाच आकडा शोधत बसतो. त्या वहीतली रीत इथे मांडतो आहे.

हिशोब एकसारखा राहावा म्हणून १ डॉलर ८८ रुपयांचा धरला आहे. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, म्हणून तो २४ रुपये. पौंड ११७ रुपये, हजार जपानी येन ५८० रुपये, हजार कोरियन वॉन ६२ रुपये, थाई बाट २ रुपये ७० पैसे. दर रोज हलतात. तुम्ही वाचाल तेव्हा ते वेगळे असतील तर गुणाकार बदला, वजाबाकी तीच राहील.

आणि हिशोबाला एक माणूस हवं. समजा, एक बाई आहेत. वय ३०, एम.ए. इंग्रजी, बी.एड., सात वर्षांचा अनुभव. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड आणि वर्गात इंग्रजी, म्हणजे अगदी सोलापूरच्या. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या. सध्या एका खासगी विनाअनुदानित इंग्रजी शाळेत १२,००० रुपयांवर आहेत. राहतात आई-वडिलांच्या घरात, त्यामुळे भाडं नाही. या बाई कल्पनेतल्या आहेत, पण अशा बाई इथल्या प्रत्येक सोसायटीत सापडतील.

आधी सोलापूरचा हिशोब

परदेशाचा पगार कशाशी ताडून पाहायचा हे आधी ठरवावं लागतं. बहुतेक जण तो १२,००० शी ताडतात आणि तिथेच निर्णय होऊन जातो. पण सोलापुरात इंग्रजीच्या शिक्षकाचे भाव तीन आहेत.

पहिला भाव खासगी शाळेचा, दहा-बारा-पंधरा हजारांचा. दुसरा शिक्षणसेवकाचा. २०२३ च्या सुरुवातीपासून राज्य सरकारने हे मानधन वाढवलं : प्राथमिकला ६,००० वरून १६,०००, माध्यमिकला ८,००० वरून १८,०००, उच्च माध्यमिकला ९,००० वरून २०,०००. हा काळ तीन वर्षांचा. तो पार पडला की तिसरा भाव सुरू होतो, तो नियमित वेतनश्रेणीचा.

सातव्या वेतन आयोगात बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाची श्रेणी ३८,६०० ते १,२२,८०० अशी आहे. सुरुवातीच्या ३८,६०० वर ५५ टक्के महागाई भत्ता धरला तर ५९,८३० रुपये होतात. घरभाडे भत्ता मिळवला की एकूण पगार ६६-६७ हजारांवर जातो. त्यातून निवृत्तिवेतन योजनेची १० टक्के वर्गणी, म्हणजे ५,९८३ रुपये, आणि २०० रुपये व्यवसाय कर गेला तरी हातात ६० हजार पडतात. (१ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हणून ही वर्गणी.) स्वतःच्या घरात राहून महिन्याला २५,००० खर्च केले तर ३५,००० मागे राहतात.

हे ३५,००० लक्षात ठेवा. आपल्या बाई दुबईला ४,००० दिरहमांवर गेल्या आणि खोलीचं भाडं स्वतः भरलं, तर त्यांच्याकडे उरतात ३१,२००. समुद्र ओलांडूनही त्या सोलापूरच्या अनुदानित शाळेतल्या कायम शिक्षिकेच्या मागेच राहतात. मात्र त्या कायम शिक्षिकेची जागा निघते किती आणि मिळते किती जणींना, हा वेगळा आणि दुखरा प्रश्न आहे. २०१२ नंतर राज्यात शिक्षक भरती वर्षानुवर्षं अडून राहिली. पवित्र पोर्टलवरच्या भरतीसाठी लागणारी अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतर थेट २०२३ च्या फेब्रुवारीत. मधल्या पाच वर्षांत ज्यांची पंचविशी सरली त्या मुलींना ‘थोडी वाट पाहा’ असं सांगणं मला कधीच जमलेलं नाही.

आखाताचा हिशोब

इंग्रजी शिकवायला परदेशी जाणाऱ्या सोलापूरकराला सगळ्यात उघडं दार आखातातलं आहे, आणि ते भारतीय शाळांचं आहे. एकट्या संयुक्त अरब अमिरातीत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या, म्हणजे सीबीएसईच्या, शंभराहून जास्त शाळा आहेत. दुबईतल्या खासगी शाळांत शिकणाऱ्या मुलांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतीय अभ्यासक्रमात आहे. तिथे जाऊन बाई अरबांच्या मुलांना इंग्रजी शिकवणार नाहीत. केरळच्या, हैदराबादच्या, मुंबईच्या, क्वचित आपल्या पंढरपूर-बार्शीच्या नोकरदारांची मुलं त्यांच्यासमोर बसतील आणि पुस्तकही बहुधा इथलंच असेल.

पगाराचं मूळ फीमध्ये आहे. तिथल्या बऱ्याच भारतीय शाळांची वर्षाची फी ५ ते १२ हजार दिरहमांत असते. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ४० हजारांपासून ८० हजार दिरहम आणि त्याहून वरही घेतात. तीस मुलांचा वर्ग आणि ७,००० फी धरली तर वर्गामागे वर्षाला २,१०,००० दिरहम जमतात. त्यातून इमारत, बस, वीज, व्यवस्थापन आणि सात-आठ विषयांचे शिक्षक भागवायचे. मग शिक्षकाच्या वाट्याला ३ ते ६ हजार दिरहम येतात. तीच तीस मुलं ५०,००० फी भरतात तिथे शिक्षकाला १० ते १५ हजार दिरहम आणि वर राहायला घर मिळतं. एकाच शहरात, एकाच रस्त्यावर, एकच व्याकरण शिकवून ९६,००० रुपये आणि ३,६०,००० रुपये असा फरक पडतो. त्यात शिकवण्याच्या गुणाचा भाग कमी आणि पालकांच्या पाकिटाचा भाग जास्त.

भारतीय शाळांचा पगार वर चढत नाही याला आणखी एक कारण आहे, आणि ते इथून निघताना कुणी सांगत नाही. तिथल्या अनेक शिक्षिका नवऱ्याच्या व्हिसावर राहतात. नवरा इंजिनिअर, अकाउंटंट किंवा बँकेत असतो. घराचं भाडं, व्हिसा, विमा सगळं त्याच्या नोकरीतून आधीच भागलेलं असतं. अशा बाईंना ३,५०० दिरहम हा घरात येणारा जादा पैसा आहे. शाळेलाही त्यांना घर द्यावं लागत नाही, व्हिसा काढावा लागत नाही. आता सोलापुरातून एकटी जाणारी बाई त्याच जागेसाठी, त्याच पगारावर उभी राहते आणि तिला त्याच ३,५०० मधून खोलीही भागवायची असते. म्हणून ‘तिथे शिक्षकाला इतका मिळतो’ हे वाक्य अर्धंच आहे. कुणाच्या व्हिसावर मिळतो, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

तर ४,००० दिरहमांची वजाबाकी. शेअरिंगमधली बरी खोली १,५००, जेवणखाण ८००, बस-मेट्रो-फोन ४००. हा माझा अंदाज ओळखीच्या बायकांनी सांगितलेल्या खर्चावरून केलेला, काटकसरीचा. उरले १,३००, म्हणजे ३१,२०० रुपये. आता शाळेने राहायला जागा दिली असं धरा. बाकी सगळं तेच. उरतात २,८००, म्हणजे ६७,२०० रुपये. पगार एक दिरहमानेही वाढलेला नाही आणि शिल्लक दुपटीहून जास्त झाली. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की मी पगाराचा रकाना सोडून आधी राहण्याचा रकाना वाचतो. ‘घरभाडे भत्ता पगारात समाविष्ट’ असं लिहिलं असेल तर घर मिळालेलं नाही असं समजायचं.

दुसरा रकाना मूळ वेतनाचा. अमिरातीत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते : पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन, पुढे दर वर्षाला ३० दिवसांचं. हिशोब मूळ वेतनावर होतो, एकूण पगारावर नाही. ४,००० पैकी मूळ वेतन २,४०० दाखवलं असेल तर वर्षाला १,६८० दिरहम, तीन वर्षांचे ५,०४०, म्हणजे १,२०,९६० रुपये. मूळ वेतन १,६०० दाखवलं तर हीच रक्कम ८०,६४० वर येते. महिन्याचा पगार दोन्हीकडे सारखाच असल्याने फरक कुणाच्या ध्यानात येत नाही.

तिथे पगारावर प्राप्तिकर नाही. इथेही, वर्षातला भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला आणि अनिवासी ठरलात, तर परदेशात कमावलेल्या पगारावर भारतात कर लागत नाही. एजंट ही बाजू आवर्जून सांगतात आणि ती खरी आहे. फक्त इथल्या ६०-६५ हजारांच्या पगारालाही आता नव्या करप्रणालीत कर लागत नाही, हे सोबत सांगायला हवं.

निघण्यापूर्वीचा खर्चही वहीत लिहायचा. पदवी आणि बी.एड. यांचं साक्षांकन मुंबईत राज्य सरकारकडे, मग परराष्ट्र मंत्रालयाकडे, मग अमिरातीच्या वकिलातीत आणि शेवटी तिथे उतरल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्यात. आपल्याकडे त्यात एक स्थानिक अडचण येते. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं, त्याआधीच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या. २०१९ मध्ये नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असं झालं. एकाच बाईंच्या बी.ए.वर एक नाव आणि बी.एड.वर दुसरं नाव असू शकतं. परक्या देशात कागद तपासणाऱ्याला ती दोन विद्यापीठं वाटतात. नामांतराचा कागद फाइलला जोडून ठेवला की पुढचे आठवडे वाचतात.

एजंटाने किती घ्यावं याची मर्यादा कायद्यात आहे. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे जास्तीत जास्त ३५,४०० रुपये घेता येतात. अमिरातीच्या कायद्याने तर भरतीचा खर्च कामगाराकडून वसूलच करायचा नाही, तो मालकाने सोसायचा. दीड-दोन लाख मागणारा माणूस भेटला तर उठून यावं. घरचं सोनं गहाण ठेवून गेलेल्या मुलीला पहिलं वर्ष फक्त व्याजासाठी शिकवावं लागतं. हा प्रकार थांबलाच पाहिजे असं मला फार वाटतं.

जिथे पासपोर्ट पाहतात

पूर्व आशियातले पगार वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील. जपान सरकारची जेट योजना १९८७ पासून चालू आहे. २०२५ पासून पहिल्या वर्षाच्या साहाय्यक शिक्षकाला तिथे वर्षाला ४०,२०,००० येन मिळतात, म्हणजे महिन्याला साधारण १,९४,००० रुपये. दक्षिण कोरियाच्या सरकारी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षकाला महिना २३ लाख वॉनच्या आसपासपासून सुरुवात होते, १,४२,००० रुपये, आणि राहायला घर मिळतं. मघाचा राहण्याचा रकाना आठवला तर कोरियाचा आकडा दिसतो त्याहून मोठा आहे.

पण या आकड्यांच्या दारावर पहारा आहे. कोरियाचा भाषाशिक्षकांचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीनमध्येही मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशांचाच पासपोर्ट मागतात. जपानमध्ये परकीय भाषा शिकवणाऱ्याने त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण घेतलेलं असावं अशी अट आहे. मराठी माध्यमातल्या आपल्या बाईंची त्यातली दहा वर्षं तिथेच वजा होतात, मग त्यांचं इंग्रजी कितीही नेमकं असो.

चीनचं नाव निघालं की सोलापूरकराला डॉ. कोटणीस आठवतातच. १९१० साली या गावात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये चीनला गेला, चिनी भाषा शिकला, जखमींवर उपचार केले, तिथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवली आणि १९४२ मध्ये तिथेच गेला. परक्या भाषेत शिकवता येतं की नाही याचा दाखला या गावाने तेव्हाच दिलेला आहे. आजच्या व्हिसाच्या अर्जात मात्र त्यासाठी रकाना नाही.

कोरियाच्या भिंतीत एक खिडकी आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून अमलात आला. त्यात भारतीय नागरिकाला शाळेत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून तोच भाषाशिक्षकांचा व्हिसा मिळण्याची सोय आहे. अट अशी की पदवीबरोबर इंग्रजी शिकवण्याची अधिकृत पात्रता हवी. म्हणजे सात देशांच्या यादीबाहेर असूनही बी.एड. इंग्रजीवाल्या भारतीयाला कागदावर दार उघडं आहे. कागदावर म्हणतो, कारण निवड शेवटी शाळा आणि प्रांतांची शिक्षण कार्यालयं करतात आणि त्यांची नजर त्या सात देशांवरच असते. तरीही अर्जाला खर्च कमी आणि मिळकत मोठी आहे. बाईंनी हा अर्ज करून पाहावा असं मी म्हणेन.

थायलंडमध्ये मातृभाषा इंग्रजी नसलेल्यांना टोइक परीक्षेत ६०० गुण किंवा तत्सम दाखला देऊन शिकवता येतं. तिथे एकाच शाळेत, एकाच तासाचे दोन भाव उघडपणे चालतात : गोऱ्या देशाच्या पासपोर्टला ३० ते ४० हजार बाट, फिलिपिनो-भारतीयांना साधारण १८ ते २५ हजार. रुपयांत ४८,६०० ते ६७,५००, खोली-जेवण स्वतःचं. सोलापूर सोडण्याइतका हा पैसा नाही.

याच ओघात परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या १२० तासांच्या, म्हणजे टीईएफएल, प्रमाणपत्रांबद्दल. ‘हे करा आणि जगभर शिकवा’ अशी जाहिरात असते. आखातातल्या भारतीय शाळा ते सहसा विचारत नाहीत, त्यांना बी.एड. हवं असतं. जिथे विचारतात तिथे बहुतेकदा आधी पासपोर्ट विचारलेला असतो. चार पैसे खर्चायचेच असतील तर आयईएलटीएससारख्या परीक्षेत चांगले गुण आणावेत, ते चार ठिकाणी उपयोगी पडतात.

विषय इंग्रजी, आणि तीच अडचण

इंग्लंडमध्ये २०२५-२६ ला नव्या शिक्षकाचा वर्षाचा पगार लंडनबाहेर ३२,९१६ पौंडांपासून सुरू होतो. १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही, त्यावर २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के राष्ट्रीय विमा. म्हणजे हातात महिन्याला सुमारे २,२७० पौंड, २,६५,००० रुपये, त्यातून तिथल्या पेन्शनची वर्गणी जाईल ती वेगळी. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात पात्र ठरलेल्या शिक्षकांना तिथला शिक्षकाचा दर्जा थेट मागता येतो. ही बातमी आली तेव्हा इथल्या कितीतरी जणींनी ती एकमेकींना पाठवली असेल. पण भारतासाठी ही वाट गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांपुरती आहे, आणि भाषा म्हणजे फ्रेंच, स्पॅनिशसारख्या. इंग्लंडला इंग्रजीचे शिक्षक भारतातून नको आहेत.

भूतानमध्येही हेच चित्र. भारत सरकारच्या एडसिल कंपनीने २०२४ मध्ये भूतानच्या शाळांसाठी महिना १,४०,००० रुपयांवर पदव्युत्तर शिक्षक मागवले. तिथलं चलन रुपयाच्याच भावाचं, प्रवास जवळचा, काम सरकारी. विषय होते भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि संगणक. आपल्या बाईंच्याच शाळेत पलीकडच्या वर्गावर गणित शिकवणारे सर त्या यादीत बसतात, बाई बसत नाहीत.

अमेरिकेतल्या सरकारी शाळांत २०२३-२४ मध्ये शिक्षकाचा सरासरी पगार वर्षाला ७२,०३० डॉलर होता आणि नव्याने लागणाऱ्याचा सरासरी ४६,५२६ डॉलर, म्हणजे ४१ लाख रुपयांच्या घरात. जे-१ व्हिसावर तीन वर्षं, मुदतवाढ मिळाली तर पाच, शिकवता येतं. त्यातही मागणी विशेष मुलांच्या शिक्षकांना आणि गणित-विज्ञानाला जास्त. एच-१बी व्हिसाची वाट सप्टेंबर २०२५ पासून नव्या परदेशी अर्जांवरच्या १,००,००० डॉलर शुल्काने शाळांपुरती जवळजवळ बंद झाली. कुठलीही शाळा एका शिक्षिकेच्या दोन वर्षांच्या पगाराइतकी रक्कम आगाऊ भरणार नाही.

मालदीवबद्दल थोडक्यात. तिथल्या शिक्षकांत सुमारे एक चतुर्थांश भारतीय आहेत, असं आपलं परराष्ट्र मंत्रालय सांगतं. इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा असल्याने इंग्रजीच्या शिक्षकालाही जागा असते. पण पगार रुफियामध्ये मिळतो. सरकारी दराने १५.४२ रुफियाला डॉलर, बाजारात तो महाग, आणि पगाराचे डॉलर करून घरी किती पाठवता येतील यावर बँकांच्या मर्यादा. तिथे कमावणं आणि सोलापुरात ते पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. करार डॉलरमध्ये की रुफियामध्ये, एवढा एक प्रश्न तिथला अर्धा हिशोब सोडवतो.

घरातून डॉलर

आता जुळे सोलापूर न सोडता. जुलै २०२१ मध्ये चीनने खासगी शिकवण्यांवर बंदी आणली आणि परदेशातून चिनी मुलांना इंग्रजी शिकवण्याचा मोठा धंदा एका फटक्यात गेला. बाकीचा बाजार टिकून आहे. प्रेप्लीसारख्या ऑनलाइन शिकवणीच्या मंचावर शिक्षक आपला दर स्वतः ठरवतो. नव्या विद्यार्थ्याचा पहिला तास पूर्णपणे मंचाचा. पुढे पहिल्या २० तासांपर्यंत ३३ टक्के कमिशन, ते उतरत ४०० तासांनंतर १८ टक्के.

बाईंनी तासाला ८ डॉलर लावले तर सुरुवातीला ५.३६ डॉलर हातात येतात, ४७२ रुपये. महिन्याला ६० तास मिळाले तर २८,३००. कमिशन १८ टक्क्यांवर आलं की तेच ६० तास ३४,६०० रुपये देतात. रात्री आठला आपल्याकडे जेवणाची वेळ होते तेव्हा रियाधमध्ये साडेपाच वाजलेले असतात, ऑफिसातून सुटलेला माणूस शिकायला बसतो. दुपारी साडेचारला टोकियोत रात्रीचे आठ. शाळा सांभाळून हे दोन्ही पट्टे बसवता येतात.

साठ तास भरायला मात्र सहा-आठ महिने लागतात, आणि तोवर परीक्षण लिहिणारे पहिले दहा विद्यार्थी मिळवणं हेच काम. तरीही वहीत पाहा : शाळेचे १२,००० आणि हे २८,३०० मिळून ४०,३००. घर स्वतःचं, खर्च १५,०००. उरले २५,३००. दुबईच्या ३१,२०० पेक्षा ५,९०० कमी, आणि बाई रात्री आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन झोपतात. व्हिसाची मुदत नाही. मला विचाराल तर राहण्याची सोय नसलेल्या ४,००० दिरहमांच्या ऑफरपुढे ही वाट मला उजवी वाटते.

तीन वर्षांनंतर

शिक्षणसेवकाचा काळ तीन वर्षांचा, म्हणून सगळं तीन वर्षांवर मोजू. दुबई, राहण्याची सोय नसताना : ३१,२०० गुणिले ३६, ११ लाख २३ हजार. राहण्याची सोय असताना : २४ लाख १९ हजार. दोन्हींत ग्रॅच्युइटीचे १ लाख २१ हजार मिळवा आणि जाताना झालेला खर्च वजा करा, दोन्ही जवळपास फिटतात. घरातून शाळा आणि ऑनलाइन : पहिलं अर्धं वर्ष कमी धरलं तर आठ लाखांच्या आसपास. शिक्षणसेवक : १८,००० मधले १२,००० खर्च झाले तर ६,००० गुणिले ३६, २ लाख १६ हजार.

शेवटची रक्कम सगळ्यात लहान दिसते. पण सदतिसाव्या महिन्यात त्या शिक्षणसेवक बाईंच्या हातात ६० हजार पडू लागतात, दर वर्षी वाढ आणि भत्ते धरून, निवृत्तीपर्यंत. दुबईच्या बाईंचा सदतिसावा महिना छत्तिसाव्यासारखाच असतो. म्हणून शिक्षक भरतीच्या यादीत नाव लागलेल्या मुलीला मी राहण्याच्या सोयीशिवायच्या ऑफरवर जाऊ देणार नाही. नाव लागलेलं नाही, वय चढतं आहे आणि शाळा १२,००० च्या वर सरकत नाही, अशा मुलीला राहण्याची सोय मिळत असेल तर बॅग भरायला मदत करीन.

तीन वर्षं करून बाई परतल्या तर वय ३३ असेल. शिक्षक भरतीची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागास प्रवर्गांना ४३. खुल्या प्रवर्गातून अर्ज करायचा तर हातात पाच वर्षं राहिली. दुबईच्या तीन वर्षांची सेवा इथल्या वेतनश्रेणीत धरली जात नाही, सुरुवात पुन्हा १८,००० पासून. आणि अभियोग्यता चाचणी झाली २०१७ मध्ये, मग २०२३ मध्ये, मग २०२५ च्या मे-जूनमध्ये. पाच वर्षांत ती दोनदा येईल की एकदाही येणार नाही, याचा ठोकताळा या तारखांतून निघत नाही. म्हणून परवा एका मुलीच्या करारात वर्षाचं विमान तिकीट होतं तिथे आम्ही पेन्सिलने खूण केली आणि शाळेला विचारायला लिहून घेतलं : हे तिकीट फक्त जुलै-ऑगस्टच्या सुट्टीतच मिळेल, की परीक्षेची तारीख लागली तर तेव्हाही वापरता येईल?